कॉलरबोन मोडल्यानंतर पुन्हा खोगिरावर

शर्यतीच्या घोड्यावर बसणाऱ्याला दुखापत होईल का, असे आमच्या तबेल्यांत कोणी विचारत नाही. कोणत्या सीझनला होईल, एवढाच प्रश्न असतो. धावणाऱ्या घोड्याचे वजन साडेचारशे-पाचशे किलो असते, वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास असतो आणि जॉकी खोगिरावर बसलेला नसून आखूड रिकिबींमध्ये पायांच्या चवड्यांवर तोललेला असतो. घोडा अडखळला की जॉकी पुढे फेकला जातो, खांदा आधी जमिनीला लागतो आणि बहुतेक वेळा कॉलरबोन मोडते. प्रत्येक शर्यतीत घोड्यांच्या मागोमाग अँब्युलन्स धावते, ती त्यामुळेच. कार्ल उमरीगर हा जॉकी १९७९ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर पडला आणि ऐन तारुण्यात गेला, ही गोष्ट आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराने शिकाऊ असतानाच ऐकलेली असते. त्या हिशेबाने माझी दुखापत किरकोळच म्हणायला हवी.

पुण्याच्या पावसाळी सीझनमध्ये एका शर्यतीत समोरचा घोडा एकाएकी आत आला, माझ्या घोडीचे पाय त्याच्या मागच्या पायांत अडकले आणि ती गुडघ्यांवर गेली. (घोडी लगेच उठली आणि तिला काही झाले नाही, आमच्याकडे पहिली चौकशी तिचीच होते, म्हणून आधी सांगितले.) माझे हाड मधोमध तुटून एकावर एक चढले होते, त्यामुळे नुसती झोळी बांधून भागण्यासारखे नव्हते. शस्त्रक्रिया करून प्लेट आणि स्क्रू बसवले. डोक्यालाही मार लागला होता, म्हणून पहिले काही दिवस मोबाइल आणि टीव्ही बंद होता.

पैशांचे थोडक्यात सांगतो. बहुतेक जॉकींना पगार नसतो. घोड्यावर बसल्याचे शुल्क आणि घोडा जिंकला किंवा क्रमांकात आला, तर बक्षिसातला वाटा, एवढीच मिळकत असते. बसणे थांबले की मिळकत थांबते. माझ्याकडे एक अपघात विमा होता, पण शर्यतीत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली इजा त्यात धरली जात नाही, असे उत्तर कंपनीकडून आले. एजंटने पॉलिसी देताना माझा व्यवसाय स्वतःच्या हाताने लिहून घेतला होता, तरीही. यापुढे कोणत्याही नव्या मुलाला मी पॉलिसीतले वगळलेल्या गोष्टींचे पान आधी वाचायला सांगेन.

मात्र या सगळ्या काळात मला सर्वाधिक छळले ते वजनाने. हाड जुळायला प्रथिने लागतात, कॅल्शियम लागते, पोटभर जेवण लागते. आणि जॉकीचा धंदा पोट रिकामे ठेवण्यावर चालतो. हँडिकॅपच्या, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून बरोबरी साधणाऱ्या शर्यतीत प्रत्येक घोड्याला ठरावीक वजन दिलेले असते आणि त्यात जॉकी, त्याचे कपडे आणि खोगीर सगळे धरले जाते. नामांकित जॉकींना बहुधा चांगले, म्हणजे जास्त वजन दिलेले घोडे मिळतात. माझ्यासारख्या मधल्या फळीतल्या माणसाला ५०-५१ किलोवर बसता आले, तरच यादीच्या तळातले घोडे वाट्याला येतात. वजन दोन किलोंनी वाढले, तर कौशल्य तेवढेच राहूनही निम्मे घोडे हातचे जातात. त्यातच शिकाऊ जॉकींना वजनात सवलत असते, जी जिंकलेल्या शर्यती वाढतील तशी कमी होत शेवटी संपते. माझी केव्हाच संपली आहे. त्यामुळे मी घरी पडून असताना माझे घोडे कोणाकडे जाणार, हे उघड होते.

डॉक्टर म्हणाले, "दोन महिने वजनाचा विचार करू नका." आईने तर ताटासमोर बसूनच ऐकवले, "अरे, तू भाकरीला हात लावत नाहीस, तर हाड कशाने जुळायचं?" ती तबेल्यातल्या माणसाची बायको आहे, वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा केला आणि मापून दाणा घातला. घोड्याचा पाय दुखावला की त्याचा खुराक बदलतात, पण उपाशी कोणी ठेवत नाही, हे ती पाहत आलेली होती. मला उत्तर सुचले नाही. वर्षानुवर्षे वजन तोडल्यामुळे जॉकींची हाडे ठिसूळ होतात, असे परदेशांतल्या अभ्यासांत वारंवार आढळले आहे, हे फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी सांगितले तेव्हा मात्र मी जेवू लागलो. नाचणीची भाकरी, अंडी, दही असा आहार ठरला आणि गरम पाण्यात बसून किंवा प्लॅस्टिकचा कोट घालून धावून घाम काढणे बंद झाले. वजन व्हायचे तसे झाले: ५५ वर गेले.

परतण्याची रीत ठरलेली असते. आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हाड जुळल्याचे लिहून द्यावे लागते. मग शर्यती भरवणाऱ्या क्लबचे डॉक्टर तपासतात. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवायला सांगितले, जोर काढायला लावले, मुठीची पकड पाहिली आणि डोकेदुखी, विसराळूपणा, झोप यांविषयी बारकाईने विचारले. परवानगी मिळाली ती फक्त पहाटेच्या सरावाची. त्याआधी मी घरामागे लोखंडी पिंपावर खोगीर आवळून त्यावर वाकून उभा राहण्याचा सराव करत होतो, पण पिंप मान हलवत नाही. घोडा धावताना मान पुढे-मागे नेतो आणि लगाम धरलेले हात तिच्याबरोबर जावे लागतात. ते सगळे काम खांद्यातून होते. पहिल्या दिवशी एका थोराड, शांत घोड्यावर मंद दौड केली. संरक्षक जाकिटाचा पट्टा नेमका प्लेटवर येत होता आणि कातडीखालचा एक स्क्रू प्रत्येक ढांगेला टोचत होता. सईसाने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, त्या पट्ट्याखाली मेंढीच्या लोकरीचा तुकडा शिवून दिला. तो अजून तिथेच आहे.

त्यानंतर गेट प्रॅक्टिस, म्हणजे शर्यत जिथून सुटते त्या फाटकातून निघण्याचा सराव झाला आणि मग मॉक रेस, म्हणजे पैज आणि बक्षीस नसलेली, पण गेटमधून सुटणारी खरी शर्यत. भीती वाटली का, असे बरेच जण विचारतात. गेटमध्ये वाटली नाही. दोन घोड्यांच्या मधल्या फटीत शिरण्याची वेळ आली तेव्हा हात क्षणभर आखडला, आणि एवढे ट्रेनरच्या दुर्बिणीतून दिसते. सरांनी काही म्हटले नाही. फक्त पुढच्या मॉक रेसमध्ये मला मुद्दाम मधल्या गेटचा घोडा दिला. मला ते बोलण्यापेक्षा बरे वाटले.

तोवर घोडे पुण्याहून महालक्ष्मीला गेले होते आणि मुंबईचा सीझन सुरू झाला होता. फिट असल्याचा कागद मिळाला म्हणजे घोडे मिळतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. वास्तविक पहाटे ट्रॅकवर जाऊन, ट्रेनर सांगेल तो घोडा मुकाट्याने फिरवून, पुन्हा ओळखीचे व्हावे लागते. दरम्यान, आहार न तोडता, चालणे आणि सायकलिंग वाढवून वजन हळूहळू उतरवले. जुन्या मित्रांनी लघवी होण्याच्या गोळ्या सुचवल्या. त्या नियमांनी निषिद्ध आहेत आणि पाणी कमी पडलेल्या डोक्याने घोडा हाकणे हा मला सरळसरळ मूर्खपणा वाटतो. ५२ च्या खाली काटा सरकला नाही, म्हणून मी ट्रेनरना ५३ सांगू लागलो. त्यामुळे काही घोडे गेले. पण खोट्या आकड्यावर मिळालेला घोडा वजनाच्या खोलीत काट्यावर उभे राहताच हातचा जातो आणि सोबत नावही जाते.

परतल्यावरच्या पहिल्या शर्यतीत घोड्याला साडेत्रेपन्न किलो होते, म्हणजे खोगिरासकट जेमतेम बसत होते. आम्ही चौथे आलो. त्यानंतर एक जिंकलो, खालच्या वर्गातली.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीवर चार वर्षांच्या घोड्यांची २४०० मीटरची इंडियन डर्बी होते. पेसी श्रॉफ यांनी ती जॉकी म्हणून आठ वेळा जिंकली आणि नंतर ट्रेनर म्हणूनही नाव काढले. माझ्या मनात तसला आकडा नाही. डर्बीत एकदा तरी, अगदी शंभरास एक भावाच्या घोड्यावर का होईना, गेटमध्ये उभे राहायचे आहे. त्या शर्यतीत घोड्यांना भरपूर वजन असते, त्यामुळे तिथे माझे ५२-५३ आड येणार नाही, ही त्यातली सोय.

डॉक्टर आता प्लेट काढण्याविषयी विचारत आहेत. मुंबईचा सीझन एप्रिलमध्ये संपतो आणि पुण्याचा जुलैमध्ये सुरू होतो, तेव्हा काढायची तर मधल्या सुट्टीतच. पण प्लेट निघाल्यावर स्क्रूंच्या छिद्रांमुळे हाड काही काळ कच्चे राहते, असे तेच सांगतात. आई काढून टाक म्हणते, सर थांब म्हणतात. तूर्त मी थांबलो आहे.