कोल्हापुरात अमूर्त चित्रं बघताना

कोल्हापूर हे हुबेहूब चित्रांचं गाव. आबालाल रहिमान, आनंदराव आणि बाबूराव पेंटर, पुढे चंद्रकांत मांडरे. इथल्या जुन्या वाड्यांत आजोबांचं तैलचित्र टांगलेलं असतं आणि आलेला पाहुणा हमखास म्हणतो, "आत्ता बोलतील बघा." अशा गावात अमूर्त, म्हणजे माणूस-घर असं काही ओळखू न येणाऱ्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय असं एका मैत्रिणीनं कळवलं. चित्रं तर बघायची होतीच, पण त्याहून जास्त ती बघणारी माणसं बघायची होती.

पुण्याहून सकाळची एसटी घेतली. कराड मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस. शिरोलीपाशी पंचगंगा ओलांडली तेव्हा पाणी पार तळाला होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथंच महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी नदी ५५ फुटांच्याही वर गेली होती. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी खिडकीतून एका दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाले, "तिथवर."

प्रदर्शनाआधी टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेले, ते आबालालांसाठी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून हा माणूस परत आला, शाहू महाराजांच्या आश्रयानं चित्रं काढत राहिला, कोटीतीर्थाच्या काठी फकिरासारखा जगला आणि १९३१ मध्ये गेला. तीच तळी, तीच झाडं, दर वेळी वेगळ्या उजेडात. लांबून बघितलं तर पाणी आणि त्यातलं आभाळ. जवळ गेले तर पाणी नाहीसंच झालं. उरले नुसते फटकारे: एक निळसर, त्याला चिकटून एक पिवळट, मध्येच जांभळ्याची कड. वास्तवदर्शी म्हणून ज्यांचं नाव घेतो त्यांच्याही चित्रात हातभर जागा अशी असते जिथे कशाचंच चित्र नसतं. मला तिथून हलवेना.

टाऊन हॉलहून दसरा चौक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शाहू महाराजांच्या काळात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी निघालेल्या वसतिगृहांपैकी काही याच चौकाच्या आसपास आहेत. तिथल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात पाऊल टाकलं आणि आधी नजर गेली जमिनीवर. मधोमध जाजम अंथरलं होतं. भिंतीशी खुर्च्या. माणसं बसली होती, चहा पीत होती आणि चित्रांबद्दल बोलत होती. मुंबईच्या दालनांत माणसं पुटपुटत पुढे सरकतात, एका चित्राला दहा सेकंदही मिळत नाहीत. इथे बैठकच भरली होती.

चित्रं मोठी, काही माणसाच्या उंचीची. गढूळ तांबूस, शेवाळी, राखी. प्रत्येक चित्रात कुठेतरी एक आडवी रेघ, कधी छातीशी, कधी डोक्याच्याही वर. रेघेखाली रंग जाड आणि भेगाळलेला, वर पातळ. चित्रकार मुलगी शिरोळ तालुक्यातली. पूर ओसरल्यावर राहिलेला गाळ तिनं वाळवला, वस्त्रगाळ केला, रंगात कालवला आणि गवंड्याच्या थापीनं कॅनव्हासवर ओढला. वासुदेव गायतोंडे रोलरनं रंग पसरायचे, पुन्हा काढून घ्यायचे, हे तिला पाठ होतं. १९२४ साली नागपुरात जन्मलेला हा चित्रकार आपल्याला कळतो तो लिलावातल्या कोटींच्या बातम्यांतून, याचं मला फार वाईट वाटतं. आकडा वाचून झाला की चित्राकडे कोण बघतो?

चिखलीच्या एक मावशी सर्वात मोठ्या चित्रासमोर उभ्या होत्या. पदर खांद्यावर ओढून घेतला, हात वर केला आणि कॅनव्हासला न टेकवता त्या रेघेच्या उंचीवर धरला.

"देवळीच्या वर एवढं आलतं. अजून डाग हाय. रंग दिला तरी वर येतोय."

शेजारी कुंभार गल्लीतले एक काका. ते तळाशी पसरलेल्या पांढुरक्या थराकडे बघत होते. गणपती जवळ आले होते, मूर्ती तयार होत्या आणि पाणी शिरलं. "ही शाडू हाय," ते म्हणाले. "विरघळली की अशीच बसती खाली." चित्रात शाडू नव्हती, मी नंतर विचारलं. काकांना मात्र हे सांगायला गेले नाही. त्यांची ती शाडूच होती.

जाजमावर बसलेल्या ड्रॉइंगच्या एका निवृत्त सरांनी माझ्याकडे बघून मुद्दा मांडला. "ताई, ह्या गावानं अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं ऐकलंय. इथला गाण्याचा देवल क्लब १८८३ चा. आलापीत काय दिसतंय, असं कुणी विचारलं का त्यांना? मग चित्रालाच का विचारायचं?" मला हे पटलं, पण अर्धंच. गाणं आपल्याला तासभर बसवून ठेवतं, समजो न समजो. चित्रासमोर कुणी बसायला सांगत नाही. अमूर्त चित्र सामान्य माणसाला कळत नाही अशी तक्रार होते, पण त्या माणसाला आपण बसायला जागा तरी देतो का? त्या दालनात जाजम होतं, म्हणून मावशी थांबल्या. मावशी बोलल्या, म्हणून काका बोलले.

मुलीला विचारलं, घरं का नाही काढलीस?

"पहिल्यांदा घरच काढत होतो मी. दार, तुळस, चुलते म्हशी सोडवतायत. तर बघणारे विचारायचे, हे कुठलं गाव? नाव सांगितलं की 'अरेरे' म्हणायचे आणि पुढं जायचे. मग मी घर काढायचं बंद केलं. आता गाव कुणी विचारत नाही. आपापल्या गावाचं नाव सांगतात."

हे मी लगेच वहीत उतरवून घेतलं. चेहरा नसलेल्या चित्रात इतक्या जणांना आपापलं घर सापडताना मी याआधी बघितलं नव्हतं. ओळख म्हणजे नाव, आडनाव, जात, गाव अशी आपली सवय. इथे एका आडव्या रेघेपुरती शिरोळ, चिखली आणि कुंभार गल्ली एक होती, आणि प्रत्येकाचं दुःख तरीही ज्याचं त्याचं राहिलं होतं.

संध्याकाळी सर आणि ती मुलगी टेम्पोच्या भाड्याचा हिशेब करत बसले होते. प्रदर्शन संपल्यावर चित्रं शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत न्यायची आहेत, पुरात ज्या वर्गांत गावकरी राहिले होते त्याच वर्गांत. खिळे ठोकायला परवानगी मिळेना, म्हणून चित्रं बाकांवर टेकवून ठेवणार आहेत. मीही जाणार आहे. जाजम सर घेऊन येतायत.