आमची वाटचाल: कास्टिंगपासून प्लॅटफॉर्मपर्यंत

बेळगावात उद्यमबाग म्हटलं की फाउंड्री. आमची लॅबही त्यांच्याच जिवावर उभी राहिली. कास्टिंगचा तुकडा यायचा, कडकपणा आणि ताण तपासून रिपोर्ट द्यायचा, पैसे सवडीनं. सिव्हिलकडे वळलो तेही फाउंड्रीवाल्यांच्या नव्या शेडच्या पायाभरणीमुळे. काँक्रीटची ताकद बघायला त्याचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, फुटेपर्यंत दाबायचं मशीन कर्ज काढून घेतलं, तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "दगड फोडायला एवढं पैसे घालालायस काय रे?"

रेल्वेचं काम आलं मिरज-लोंढा मार्गाच्या दुपदरीकरणात, तेही मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली. 27 फेब्रुवारी 2023 ला बेळगाव स्टेशनच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं आणि गावानं दर्शनी भागाचे फोटो काढले. आमच्या धंद्यातल्या माणसाची नजर आधी प्लॅटफॉर्मच्या कडेला जाते.

ब्रॉडगेजवर उंच प्लॅटफॉर्मची कड रुळाच्या माथ्यापासून 760 ते 840 मिलिमीटर वर, आणि ट्रॅकच्या मध्यरेषेपासून 1670 ते 1680 मिलिमीटर लांब ठेवायची. आडवी सूट जेमतेम एक सेंटिमीटर! त्यात ज्याच्यापासून मोजायचं तो रूळच जागेवर राहत नाही. पॅकिंग केलं, म्हणजे रुळाखाली खडी ठोकून बसवली, की तो उचलला जातो, बाजूलाही सरकतो. प्लॅटफॉर्म तसूभर न हलता त्याची उंची कमी भरते. म्हणून शेवटचं पॅकिंग होईपर्यंत आम्ही मापाच्या कागदावर सही करत नाही.

एका छोट्या स्टेशनवर हे महागात पडलं. पॅकिंग बाकी, आणि ठेकेदाराच्या इंजिनिअरला बिलासाठी सही हवी होती. "द्या की ओ सायेब, मागनं बघूया." दिली नाही. पुढचं काम दुसऱ्याकडे गेलं, आमचं आधीचं बिलही रेंगाळलं. त्या वर्षी पगार निघाले ते कास्टिंगच्या तपासणीवर. ते काम बंद कर म्हणणारे घरातही आहेत. मी ऐकत नाही.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला वेगळीच कसरत. ओल्या वाळूतलं पाणी वजा न करता मिक्सरमध्ये नेहमीचं पाणी ओतलं, की काँक्रीट पातळ आणि कच्चं. क्यूबचा पक्का निकाल 28 दिवसांनी; तोवर त्या पायावर कॉलम चढलेला असतो. म्हणून आमचा पोरगा स्लंपचा कोन, म्हणजे ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते बघायचा साचा, घेऊन मिक्सरजवळच उभा असतो. रजिस्टर इंग्रजीत, सुपरवायझर कन्नड, सेंट्रिंगवाले हिंदी, गवंडी आपले. पोराला सगळ्यांशी भांडता यायला हवं, ही आमच्याकडे भरतीची खरी अट.

आता लक्ष कित्तूरमार्गे धारवाडला जाणाऱ्या मंजूर लाइनकडे आहे. त्या पट्ट्यात काळी माती, पाणी प्याली की फुगणारी. तिची चाचणी साधी: चाळलेली 10 ग्रॅम माती पाण्यात, 10 ग्रॅम रॉकेलमध्ये, आणि दोन्हीकडच्या मातीच्या आकारमानातला फरक मोजायचा. काचेची मापपात्रं आणलीत, पोरं शिकलीत. रॉकेल तेवढं कुठं मिळेना झालंय.