दोन लाख किलोमीटरनंतर, पावसाच्या आधी

23 मे

गाडीच्या मीटरवर दोन लाख उलटले की सोसायटीतला प्रत्येक जण एकच विचारतो, "इंजिन खोललं का?" खोलायचं कशाला? 2011 ची के-सिरीज पेट्रोल वॅगन आर आहे. ठरावीक अंतरावर बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असेल तर आतलं लोखंड एवढ्यात संपत नाही. संपतं ते रबर: होज पाइप, बेल्ट, सील, बुश, बूट (सांध्यांवरची रबरी आवरणं), ब्रेकचे कप. रबराचं आयुष्य ठरतं वर्षांवर आणि उष्णतेवर. त्यामुळे "फक्त साठ हजार चाललीय, डॉक्टरांची गाडी" अशी जाहिरात असलेली पंधरा वर्षांची गाडीही रबराच्या बाबतीत तितकीच म्हातारी असते.

पावसाआधीच्या कामांचा क्रम म्हणून ठरलेला आहे. आधी कूलिंग, मग ब्रेक, मग स्टिअरिंग आणि खालचं सस्पेन्शन. एसी, टेप, सीट कव्हर आणि पॉलिश पैसे उरले तर. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

कूलिंगवर आजचा सगळा दिवस. जुनी गाडी कायमची बसते ती बहुधा एकदा तापल्यामुळे, आणि तापते ती दोनशे रुपयांच्या होजमुळे किंवा रेडिएटरच्या झाकणामुळे. झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं. पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, पण त्या दाबाखाली ते 120 अंशांच्या आसपास तग धरतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब राहत नाही. मग खंबाटकी घाट चढताना एसी चालू असला की पाणी उकळून रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतून बाहेर पडतं, आणि दोष मात्र रेडिएटरला लागतो.

होज थंड असताना दाबून पाहायचे. क्लॅम्पजवळ चिरा दिसल्या, पाइप चिकट आणि लिबलिबीत लागला किंवा दाबल्यावर करकरला तर बदलायचा. एक गेला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत, म्हणून वरचा, खालचा, बायपास आणि हीटरचे दोन असे सगळे एकदम. सोबत थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) आणि झाकण. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाभोवती पांढरा किंवा हिरवा ओघळ वाळलेला दिसला तर पंपाचं सील गेलं आहे, त्याचे दिवस भरले. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टाकीचा काळा रंग तपकिरी-पिवळट पडला असेल तर तीही तडकायच्या बेतात आहे. तिला एमसील लावणं म्हणजे घाटात थांबायची तयारी.

कूलंट बदलताना गॅरेजमध्ये एक गोष्ट हमखास चुकते. छोट्या गाडीत साधारण चार लिटर मावतं, पण रेडिएटरखालचा नळ सोडला तरी इंजिन ब्लॉकमधलं पाणी आतच राहतं. साध्या पाण्याने धुतल्यावर वर तयार 50:50 (निम्मं कॉन्सन्ट्रेट, निम्मं पाणी) कूलंट ओतलं की ते आतल्या पाण्यात मिसळून पातळ होतं. म्हणून एकूण मापाच्या निम्मं, म्हणजे दोन लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतायचं आणि मग मावेल तितकं डिस्टिल्ड वॉटर. शेवटचं धुणंही डिस्टिल्ड वॉटरनेच. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. किटलीच्या तळाशी बसलेला थर आठवला तरी पुरे.

हवा काढायची तर हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन आयडलवर. थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाते, तेव्हा भर घालायची. पंखा दोनदा लागून बंद झाला की झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना बाटलीतली पातळी पुन्हा पाहायची. भरताना झाकण उघडं असतं ते गाडी थंड असल्यापासून. गरम झालेल्या गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही.

बाटलीतलं पाणी रोज थोडं कमी होतंय, बाहेर गळती नाही, आणि थंड गाडी सुरू केल्याबरोबर वरचा होज दगडासारखा होतो: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस दिसला म्हणजे गॅस्केट गेलं, असं मात्र लगेच धरायचं नाही. पावसाळ्यात घर ते मंडई एवढीच गाडी फिरली तर वाफेचा ओलावा तिथे जमून तसाच फेस होतो. गेजकाडीवरचं ऑइलही दुधी असेल तर काळजी. हेड काढावंच लागलं तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने सपाटी तपासायला सांगायचं. 0.05 मिमीहून जास्त वाक असेल तर फेसिंग करूनच, म्हणजे मशीनवर सपाट करूनच बसवायचं. नाहीतर नवं गॅस्केटही जातं.

24 मे

ब्रेक. पॅड सगळे बघतात, ऑइल कोणी बघत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 3 प्रतीचं ऑइल किमान 205 अंशांना उकळतं, ओलावलेलं 140 ला. डॉट 4 चे तेच आकडे 230 आणि 155. दिवे घाटातून किंवा कात्रजच्या जुन्या घाटातून सतत पाय ठेवून उतरलं की ऑइलची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. उतारावर गिअरच खालचा हवा हे खरंच, पण दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं स्वस्तातलं आहे.

ब्लीडिंग, म्हणजे नळ्यांतली हवा आणि जुनं ऑइल काढणं, सर्वांत लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच खरा. मास्टर सिलिंडरची बाटली मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा आत जाते आणि पहिल्यापासून सुरुवात. मागचे ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडरचं रबर उचलून पाहायचं. आत ओल असेल तर किट बदलायचं, आणि ऑइल लागलेले लायनर घासून पुन्हा बसवायचे नाहीत. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन अडकते. मग आतला पॅड संपतो, बाहेरचा नवाच्या नवा राहतो.

ब्रेक सोडल्यावरही एकच चाक गरम राहतं, पण कॅलिपर मोकळा आहे? लवचिक होज आतून फुगला आहे. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसतो.

26 मे

सस्पेन्शनवर पुण्यात वेगळं लिहायची गरज नाही, स्पीडब्रेकर पुरेसे आहेत. आवाज ओळखला की निम्मं काम झालं. बारीक खडबडीत रस्त्यावर खडखड येत असेल तर लिंक रॉड. मोठ्या खड्ड्यात धप्प किंवा उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना करकर, तर स्ट्रट माउंटिंग. पूर्ण वळवून निघताना टकटक, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (इंजिनाची ताकद चाकाला देणारा सांधा). वेगाबरोबर वाढणारी घूंऽ, जी वळणावर कमीजास्त होते, ती चाकाच्या बेअरिंगची.

सीव्ही जॉइंटचं बूट फाटलं की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं. त्याच आठवड्यात पकडलं तर काही शे रुपयांत बूट आणि ग्रीस. पावसात धूळ-पाणी आत गेलं तर पूर्ण जॉइंट. म्हणून हे काम मे महिन्यातच.

लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशांचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय, अशा स्थितीत मिस्त्री बोल्ट आवळतो. गाडी खाली आली की आर्म वर येतो, पण बुशचं रबर लोंबत्या जागी पकडलेलं असतं, म्हणजे ते कायमचं पिळलेलं राहतं. चार-सहा महिन्यांत फाटतं आणि मग "आजकाल ओरिजिनलही चांगलं येत नाही" हे ऐकायचं. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबून बसू द्यायची आणि मगच टॉर्कने आवळायचे. त्यानंतर अलाइनमेंट.

सुट्या भागांसाठी नाना पेठ. जाताना चासी नंबर आणि जुना भाग सोबत न्यायचा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक भाग बदलतात, त्यामुळे "वॅगन आरचं द्या" एवढ्यावर काम होत नाही. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ब्रेकचे रबर आणि क्लचचं रिलीज बेअरिंग यांत स्वस्त माल घ्यायचा नाही. फिल्टर, पॅड, बल्ब नामांकित कंपनीचे असले की पुरे. बेअरिंगच्या खोक्यावरची छपाई नीट वाचायची, कारण नकली सर्वांत जास्त त्यातच. बिल घ्यायचंच.

30 मे

ऑइल खाण्याबद्दल. "गाडी ऑइल खाते" हे मोजल्याशिवाय बोलायचं नाही. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी गेजकाडीच्या वरच्या खुणेपर्यंत भरायचं. हजार किलोमीटरनंतर पुन्हा तिथवर यायला किती लागलं ते मापाच्या भांड्याने बघायचं. दोन लाखांच्या इंजिनाने अर्धा लिटर खाल्लं तर चालवत राहावं आणि डिकीत डबा ठेवावा. एक लिटर म्हणजे शोध घ्यायचा.

शोध स्वस्तापासून. पहिला पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या आतला दाब मोकळा करणारा. तो तुंबला तर आतला दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. मग टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं गॅस्केट. त्यानंतर धूर. रात्रभर उभ्या गाडीचा पहिल्या सेल्फला निळा भपकारा निघाला आणि थांबला, तर व्हॉल्व्ह सील. चढावर जोर देताना सतत निळा, तर पिस्टनच्या रिंग. खात्री कॉम्प्रेशन टेस्टने, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजून: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, पेट्रोलचा पुरवठा आणि इग्निशन तोडलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. पंधरा टक्क्यांहून जास्त असेल तर कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही टेस्ट न करता इंजिन खोलायला सांगणाऱ्याकडे गाडी ठेवू नये, एवढं स्पष्ट मत.

आणि "जुनी आहे, जाड ऑइल टाका" म्हणून 20डब्ल्यू-50 टाकायचं नाही. इंजिन 5डब्ल्यू-30 साठी बनलेलं आहे. थंडीतल्या सकाळी जाड ऑइल वर पोचायला वेळ घेतं, आणि चेनचा टेन्शनरही ऑइलच्या दाबावरच चालतो. तापमानाच्या तक्त्यात मॅन्युअलने परवानगी दिली असेल तेवढंच वर जायचं. अशा गाडीत साधारण तीन लिटर बसतं. दहा हजारांऐवजी साडेसात हजारांना बदललं तर वर्षाला फारतर एखादी खेप वाढते.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज सहा-सात टक्के घसरलं तर ते हिशेबातलंच, त्यासाठी इंजेक्टर साफ करत बसू नये. लक्ष द्यायचं ते जुन्या पेट्रोल होजकडे. इंजिनाजवळचे आणि टाकीच्या तोंडाजवळचे. सकाळी पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी. नवा होज इंजेक्शनच्या दाबाचा, म्हणजे 'आर 9' छापलेला घ्यायचा, साधा मीटरवर मिळणारा नाही.

31 मे

वायपरच्या खालची जाळी काढून पाला काढला. गुलमोहर, वड, चिंच, ज्या झाडाखाली गाडी उभी राहते त्याचा पाला तिथे साठतो आणि दोन्ही कडांची भोकं बुजतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी ब्लोअरमधून पायाशी उतरतं, कार्पेटखालचा फोम भिजतो आणि पत्रा आतून गंजतो. दारांच्या खालच्या कडेची भोकंही झाडूच्या काडीने मोकळी करायची. पायाशी ओल आहे, पण काच धुरकटते आणि वास गोडसर येतो? मग ते पावसाचं पाणी नाही, हीटरच्या जाळीतून कूलंट गळतंय.

बॅटरी बंद गाडीत 12.6 व्होल्ट, चालू गाडीत 13.8 ते 14.5. बॅटरी नवी आणि सेल्फ तरी मंद फिरत असेल तर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनाशी असलेली जोडणी तपासायची. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला, आणि सेल्फ मारायचा. 0.3 व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढून, घासून, पुन्हा आवळायची. सेल्फ मोटर सोडवण्याआधी हे.

6 जून

आरसीची (गाडीच्या नोंदणीची) पंधरा वर्षं ऑगस्टमध्ये भरतात. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म 25 वर, मुदतीच्या जास्तीत जास्त साठ दिवस आधी. एप्रिल 2022 पासून पंधरा ते वीस वर्षांच्या मोटारीला शुल्क 5,000 रुपये, वर पर्यावरण कर वेगळा. मिळतात पाच वर्षं. उशीर झाला तर महिन्याला 500. दिल्लीत घातली होती तशी पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी पुण्यात नाही.

गाडी तपासणीला नेण्याआधी विमा, पीयूसी, उच्च सुरक्षा नंबरप्लेट, सगळे दिवे, हॉर्न आणि टायर. टायरच्या खाचेची खोली 1.6 मिमीच्या खाली नको. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चासी नंबरवर साठलेला मळ रॉकेलच्या बोळ्याने पुसायचा, पॉलिश पेपर लावायचा नाही. आकडा झिजला तर छाप नीट उमटत नाही आणि मग खुलासे करत बसावं लागतं.

पीयूसीला थंड गाडी नेऊ नये. पुण्यात बीएस-4 हे प्रदूषणाचं मानक एप्रिल 2010 पासून, म्हणजे 2011 च्या या गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.3 टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) 200 पीपीएमची मर्यादा लागते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. वीस मिनिटं गाडी चालवून, इंजिन बंद न करता नळी लावून घ्यायची. तरीही सीओ जास्त आला तर आधी एअर फिल्टर आणि प्लग, मग ऑक्सिजन सेन्सर. एचसी एकटाच जास्त असेल तर मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, प्लग आणि कॉइल बघायचे. कन्व्हर्टर बदलायचा विषय त्यानंतर.