डॉल्फिन वटवाघळांच्या फांदीवर

प्रेस्टिन हे आतल्या कानातल्या केसपेशींमधलं प्रथिन. विजेचा दाब बदलला की ते आकसतं आणि लांबतं, त्यामुळे बारीक आवाज मोठा होतो. सस्तन प्राण्यांच्या श्रवणजनुकांवरून वंशवृक्ष काढायचं काम हातात आलं तेव्हा मी सुरुवात याच जनुकापासून केली. जेनबँक या जनुकांच्या खुल्या संग्रहातून अनुक्रम, म्हणजे जनुकातल्या अक्षरांची रांग, उतरवून घेतले: माणूस, गाय, घोडा, कुत्रा, बॉटलनोज डॉल्फिन, प्रतिध्वनीवर शिकार करणारी वटवाघळं, आणि प्रतिध्वनीच्या भानगडीत न पडणारी मोठी फलाहारी वटवाघळं. मॅफ्ट या प्रोग्रॅमवर अलाइनमेंट केलं, म्हणजे अनुक्रम एकाखाली एक असे मांडले की जुळणाऱ्या जागा एकाच स्तंभात याव्यात, आणि अमिनो आम्लांचा वृक्ष काढला.

खऱ्या नात्याने डॉल्फिन गाईजवळ यायला हवा होता. तो शिकारी वटवाघळांच्या फांदीवर होता, आणि फलाहारी वटवाघळं मात्र आपल्या भाऊबंदांपासून तुटून बाहेर पडलेली.

पहिला संशय अनुक्रमांवरच घेतला. याच कुळातलं पेंड्रिनसारखं दुसरं एखादं जनुक चुकून आलंय का, अलाइनमेंट कुठे सरकलंय का, सगळं तपासलं. सगळं ठीक होतं. फांदी किती पक्की आहे हे जोखणाऱ्या बूटस्ट्रॅप चाचणीचा आकडाही भक्कम. इथेच बरेच जण फसतात असं मला वाटतं. बूटस्ट्रॅप अलाइनमेंटमधले स्तंभ पुन्हापुन्हा चिठ्ठ्या टाकून निवडतो आणि हाती असलेली माहिती एकाच दिशेला बोट दाखवते का, एवढंच सांगतो. ती दिशा वंशाची आहे की गरजेची, हे त्याला कळत नाही.

मग तेच अनुक्रम घेऊन फक्त कोडॉनच्या, म्हणजे एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरांच्या गटाच्या, तिसऱ्या जागांवरून वृक्ष काढला. तिथले बहुतेक बदल अमिनो आम्ल बदलत नाहीत, म्हणून प्रथिनावर होणारी निसर्गनिवड त्यांना फारशी शिवत नाही. डॉल्फिन निमूटपणे गाईशेजारी गेला. मग एकेका जागेची शक्यता दोन्ही वृक्षांखाली मोजली, तर अमिनो आम्लांच्या वृक्षाचा सगळा जोर मोजक्याच जागांवर होता. उंच पट्टीचे आवाज ऐकण्याची गरज डॉल्फिन आणि शिकारी वटवाघळं दोघांनाही होती, आणि त्या गरजेपोटी दोन्ही वंशांत तिथे तेच अमिनो आम्ल स्वतंत्रपणे आलं होतं. शोध माझा नाही. 2010 मध्ये दोन संशोधनगटांनी हे प्रसिद्ध केलं होतं. पण स्वतःच्या पडद्यावर फांदी उठून दुसरीकडे जाताना बघणं वेगळंच.

मग निवडीखालची जनुकं सरळ गाळावीत का? मी तसा प्रयत्न केला आणि सोडला, कारण निवड दर वेळी दिशाभूलच करते असं नाही. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांचंच बघा. माणूस आणि चिंपांझी एकमेकांच्या जितके जवळ, त्याहून जीनोमच्या सुमारे 30 टक्के भागात गोरिला या दोघांपैकी एकाच्या अधिक जवळचा निघतो, कारण पूर्वजातली जुनी विविधता प्रजाती वेगळ्या होईपर्यंत पूर्ण निवळलेली नव्हती. हा गोंधळ जनुकांच्या आसपास कमी आढळतो. तिथे हानिकारक बदल सतत छाटले जातात, त्यांच्यासोबत शेजारची विविधताही जाते आणि उरलेले वंशाचे धागे मागे जाताना लवकर एकत्र येतात. म्हणजे इथे निवडीने वृक्ष उलट स्वच्छ केला.

एचएलए या रोगप्रतिकाराच्या जनुकांचं नेमकं उलटं. वेगवेगळ्या रोगांशी लढता यावं म्हणून निवड तिथे विविधता टिकवून ठेवते, म्हणून माणसातलं एखादं रूप दुसऱ्या माणसातल्या रूपापेक्षा चिंपांझीतल्या रूपाशी अधिक जुळतं. प्रजातींचा वृक्ष काढताना ही जनुकं मी घेतच नाही.

आता मी प्रत्येक जनुकाचे दोन वृक्ष काढतो, अमिनो आम्लांचा आणि तिसऱ्या जागांचा, आणि जिथे दोघांचं जमत नाही तिथे एकेक स्तंभ उघडून बसतो. वेळखाऊ काम आहे. शिवाय फाटा फार जुना असला तर तिसऱ्या जागा इतक्यांदा बदललेल्या असतात की त्यांच्यातली वंशाची खूण पुसली जाते. तिथे पुन्हा अमिनो आम्लांवरच यावं लागतं, आणि मग एकाच जनुकावर न विसंबता शेकडो जनुकं घ्यावी लागतात.