नाटकं करा की, हरकती कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "तालमी घ्या, पोरांना चित्रं शिकवा, सगळं छान, पण त्या जमिनींच्या हरकती-बिरकतींची भानगड तिथं कशाला?" देणगी देता देता हे विचारणारे बरेच भेटतात. न देता विचारणारे त्याहून जास्त.

गोव्यात फोंड्याकडची आमची जागा म्हणजे एका जुन्या घराचा सोपा आणि मागची पडवी. मालक भाडं घेत नाहीत, विजेचं बिल आम्ही वर्गणीतून भरतो. पैशांचं एवढंच. इथं उत्सवाच्या नाटकाची तालीम चालायची, आणि राजपत्राची पानं आणली ती आमच्या दिग्दर्शकानंच. 2024 मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात 39अ कलम आलं. त्याखाली जमिनीचा झोन, म्हणजे ठरलेला वापर, बदलण्याचा प्रस्ताव जाहीर झाला की सूचना-हरकतींसाठी लोकांना 30 दिवस मिळतात. पण छापलेलं काय असतं? गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि 'ऑर्चर्ड'चं 'सेटलमेंट', म्हणजे बागायतीची वस्तीची जमीन. सर्व्हे नंबर वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहत नाही.

आमच्यात पडदे रंगवणारे एक काका आहेत. राजवाड्याचा एक फाटका पडदा होता, त्याच्या पाठीवर त्यांनी गावाचा नकाशा काढला. झरी निळ्या, कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा, गडद हिरवी, काजूचा डोंगर मातकट आणि प्रस्तावातले तुकडे लालभडक. पडदा सोप्यावर टांगला, तर शेजारच्या आजी चष्मा पुसत पुढे आल्या, एका लाल तुकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अरे, हे आमच्या झरीच्या माथ्यावरचं!" मग एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे, उतारे काढायला लोक आपण होऊन बसले. हरकतीचा मसुदा नटांनी मोठ्यानं वाचला. जीभ अडखळली तिथं वाक्य बदललं. असं काम वकिलाकडे होत नाही, हे वकिलांची क्षमा मागून म्हणतो.

2020 मध्ये मोलेच्या जंगलासाठी चित्रकारांनी चित्रं काढली आणि चांदरला लोक रात्री रेल्वेरुळांवर बसले, तेव्हाही हेच पाहिलं. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं त्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली ती कायद्याच्या आधारावर. पण हे प्रकरण घरोघर पोचवण्यात चित्रांचा हात होता, असं माझं मत.

स्वयंसेवक म्हणाल, तर चवथीच्या आधी कुणी फिरकत नाही, शिगम्यात सगळे मेळात, म्हणजे मिरवणुकीच्या पथकात. एरवीचं भांडण किल्लीवरून. आता वहीत नाव लिहून किल्ली घ्यायची आणि झाडू मारल्याशिवाय परत द्यायची नाही. ग्रामसभेच्या रविवारी तालीम नाही. पक्षाचा फलक लावायचा नाही. निवडणूक आली की प्लास्टिकच्या खुर्च्या द्यायला लोक येतात. खुर्च्या आम्हाला हव्याच आहेत हो, पण पाठीवर नाव नको म्हटलं की टेम्पो परत जातो.

आमच्यातलेच काही जण यापायी दूर झाले. त्यांचं म्हणणं, कुणाचा तरी रोष ओढवाल आणि एक दिवस नाटकच अडेल. हे अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज आम्ही आधी देतो, आणि परवानगी हातात पडली की मग हरकतींचा गठ्ठा घेऊन पणजीची बस धरतो.