परतीची गाडी आधी ठरवा

"तुम्ही ठाण्याला राहता ना, मग मुलांना घेऊन दोन-तीन दिवसांत मुंबई बघून होते का हो?" मार्च संपत आला की हा फोन येतोच. कधी गावाकडून, कधी ऑफिसातल्या कुणाच्या तरी साडूचा. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. होते. फक्त काय काय बघायचं त्याची यादी मला पाठवू नका. संध्याकाळी परत कुठल्या गाडीनं येणार, ते आधी ठरवा.

ही अक्कल मला दादानं दिली. दादा म्हणजे माझा लातूरचा आतेभाऊ. तो, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि सत्तरीची आत्या, असे पाच जण मे महिन्यात आले. घारापुरी, गेटवे, म्युझियम, राणीची बाग, तारांगण, चौपाटी. सगळं एका दिवसात, असा त्याचा बेत. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी बऱ्याच लोकल बंद, हे मला ठाऊक, म्हणून ठाणेकराच्या तोऱ्यात मी सोमवार ठरवला. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, हे गेटवेवर लाँचच्या तिकिटाची चौकशी केल्यावर कळलं. जन्म ठाण्यात गेला माझा! पण शाळेच्या सहलीनंतर मी तिकडे फिरकलोच नव्हतो. पाहुणे आले नसते तर अजूनही कळलं नसतं.

मग नुसतीच बोटीची फेरी मारली, अर्ध्या तासाची. मुलं खूश. गेटवेची कमान समुद्राकडून येणाऱ्यांसाठीच बांधलेली, १९२४ साली पुरी झालेली. बोटीतून ती खरोखर जास्त ऐटबाज दिसते. फुटपाथवरून बघताना फोटोवाले आणि कबुतरंच फार.

खरा प्रसंग पुढे आला. साडेसहाला सीएसएमटी, म्हणजे पूर्वीचं व्हीटी स्टेशन. समोर ठाण्याच्याही पुढे जाणारी कर्जत फास्ट लागलेली, दादा म्हणाला, "फास्ट आहे ना? चला मग." आत्याला एका मुलानं उठून जागा दिली. दादर, कुर्ला, घाटकोपर करत डबा असा भरला की हात खाली होता तो वर घेता येईना. ठाण्याला उतरायचं तर घाटकोपर गेल्याबरोबर दाराकडे सरकायला लागायचं. मी ओरडून सांगितलं, पण दादा आणि थोरला खिडकीशी खाडी कधी येते ते बघत होते. आत्या, वहिनी, धाकटी आणि मी उतरलो, म्हणजे मागच्यांनी आम्हाला उतरवलं. गाडी सुटली तेव्हा दादाचा हात तेवढा दिसला. बापलेक थेट डोंबिवली. तासाभरानं परत आले, थोरल्याच्या हातात वडापाव. "काका, आम्ही डोंबिवली पण बघितली," म्हणाला. आत्या मात्र तो तासभर प्लॅटफॉर्मच्या बाकावर जपमाळ काढून बसली होती.

तेव्हापासून माझा नियम: पाहुणे घेऊन येताना ठाणे लोकल. ही स्लो गाडी सीएसएमटीला सुटते आणि ठाण्यालाच संपते. बसायला जागा मिळते, शेवटी सगळेच उतरतात, कुणी पुढे जाऊच शकत नाही. मध्ये १७ स्टेशनं, साधारण तासभर लागतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून (म्हणजे आताच्या सीएसएमटीपासून) ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडून. तिला ५७ मिनिटं लागली होती. आजच्या स्लो गाडीलाही जवळपास तेवढाच वेळ, हे ऐकून लोक हसतात. हसू द्या, तुम्हाला फलाटावर माणसं मोजायला लागत नाहीत.

निघताना साडेदहानंतर निघा आणि परतीला चार-साडेचारच्या आत गाडी धरा. नाहीतर सरळ तिकडेच जेवून नऊनंतर. मधल्या वेळात लहान मूल किंवा म्हातारं माणूस घेऊन गाडीत चढू नये. ही वेळ पाळली की दिवसाला दोनच गोष्टी बसतात, यादी आपोआप आटोपते. गाड्या बदलत हिंडायचं असेल तर रेल्वेचं टुरिस्ट तिकीट मिळतं, एक, तीन किंवा पाच दिवसांचं. नटांचे बंगले बघायला मी कुणालाही नेत नाही. गेटच बघायचं तर आमच्या सोसायटीचंही बरं आहे.

मंगळवारी भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत गेलो. (ती बुधवारी बंद. हे मी आदल्या रात्री दोनदा तपासलं.) मुलं पेंग्विनच्या काचेला नाक लावून बसली. आत्याला मी भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळच्या दगडी हत्तीपाशी नेलं. हा मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायला काढला. उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते जोडून त्याला इथे उभा केला. सांधे अजून दिसतात. आत्यानं सगळं ऐकून घेतलं, हत्तीच्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, "बरं झालं बाबा, गाडी चुकली तुझी."

चार वाजून दहा मिनिटांची ठाणे लोकल मिळाली. भायखळ्यालाही बसायला जागा होती. मुलुंड आल्याबरोबर दादा उठून दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला म्हटलं, बस रे, शेवटचं स्टेशन आहे. तो काही बसला नाही.