तुम्ही विचारलंत म्हणून: कोरोमॉनच का?

वॉरग्रेमॉनसारखा योद्धा सोडून कोरोमॉन का, असं विचारणारे एका प्रकारचे. हे गुलाबी मुंडकं कसलं, असं विचारणारे दुसऱ्या प्रकारचे. तिसरे थेट वयावर येतात. लॅपटॉपच्या झाकणावर ‘डिजिमॉन’ या जपानी कार्टून मालिकेतल्या कोरोमॉनचं एक स्टिकर लावलं की त्याची इतकी उत्तरं द्यावी लागतात हे आधी माहीत असतं, तरी मी ते लावलंच असतं. फक्त उत्तर लिहून तयार ठेवलं असतं. मी बोलताना अडखळते, मला तोंडी उत्तर द्यायला किती वेळ लागतो हे तुम्ही जाणताच. दुसऱ्या शब्दाशी अडकले की समोरचा घाईघाईनं ‘अच्छा, लहानपणीची आठवण!’ म्हणून माझं वाक्य पुरं करतो आणि मी मान हलवते, कारण मान हलवणं सोपं असतं. लिहिताना मला कोणी मधेच शब्द पुरवू शकत नाही. तेव्हा आता शेवटपर्यंत वाचा.

लहानपणीची आठवण म्हणून लावलेलं नाही. आठवणच हवी असती तर त्या काळातल्या इतर कितीतरी गोष्टी आहेत, ज्यांच्याशी माझं भांडण नाही. ‘डिजिमॉन ॲडव्हेंचर’शी आहे.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ७ मार्च १९९९ला जपानमध्ये सुरू झालेली ५४ भागांची मालिका. उन्हाळी शिबिराला गेलेली सात मुलं डिजिटल जगात ओढली जातात, आठवी मुलगी पुढे येऊन मिळते. प्रत्येकाचा एक राक्षस जोडीदार. संकट आलं की जोडीदार वरच्या रूपात जातो. इथवर अशा मालिका पोत्यानं सापडतील. पण पोकेमॉनमध्ये चारमँडरचा चारिझार्ड झाला की झाला, त्याला परतीची वाट नाही. डिजिमॉनमध्ये अगुमॉनचा ग्रेमॉन होतो, तो शत्रूला लोळवतो, आणि लढाई आटोपली की पुन्हा अगुमॉन होऊन ‘भूक लागली’ म्हणत बसतो. शक्ती फारच खर्ची पडली तर त्याच्याही खाली घसरतो, कोरोमॉन होतो: हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं लांब कानांचं डोकं. १३व्या भागात डेव्हिमॉन या खलनायकाला संपवण्यात एंजेमॉनची सगळी ताकद जाते आणि तो थेट अंडं होतो. त्याचा जोडीदार ताकेरू, त्या सातांतला सगळ्यात धाकटा, ढसाढसा रडतो. आणि मग त्या अंड्यातून जे निघतं त्याला पहिल्यापासून वाढवायला घेतो.

मोठं होणं टिकत नाही. ते पुन्हा करावं लागतं, पुढच्या आठवड्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. शाळेत असताना मला यात काही विशेष वाटलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. तेव्हा मला त्यातलं वेगळंच काहीतरी हवं होतं.

रूप बदलताना प्रत्येक राक्षस स्वतःचं नाव ओरडून सांगतो. आधी जुनं, मग नवं. मी टीव्हीसमोर उभी राहून त्याच्याबरोबर ओरडायचे. अगुमॉन! ग्रेमॉन! ‘ग’वर मी एरवी हमखास अडकते. तिथे एकदाही अडकले नाही. घरच्यांना वाटे, बघा, मनात आणलं की जमतं हिला. हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की त्याचं उत्तर मला एखाद्या स्पीच थेरपिस्टकडून मिळालं तेव्हा हायसं वाटण्याऐवजी रागच आला. अडखळणारी बहुतेक माणसं गाताना अडखळत नाहीत, आणि दुसऱ्या कोणाच्या सुरात सूर मिळवून एकत्र बोलताना तर फारच क्वचित अडखळतात. मनाचा, इच्छाशक्तीचा इथे संबंध नाही. अगुमॉन माझ्याबरोबर बोलत होता, इतकंच. त्याचं बोलणं थांबलं की माझंही थांबायचं.

आता उरलेलं पटकन सांगून टाकते, कारण तेही विचारलं जातं. लहान वयात अडखळणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचं बोलणं आपोआप सुधारतं, आणि मुलींचं मुलांपेक्षा जास्त प्रमाणात. म्हणून मोठ्यांमध्ये शंभरातला साधारण एक जण अडखळतो, आणि त्या अडखळणाऱ्यांत दर बाईमागे चारेक पुरुष असतात. मी त्या उरलेल्या बायांतली. भीतीनं, आईच्या ओरडण्यानं, डावखुऱ्याला उजव्या हातानं लिहायला लावल्यानं हे होत नाही. पुष्कळदा घराण्यातून येतं, मेंदूत बोलण्याची जुळणी वेगळी बसते. माझ्या आईला मात्र ‘लहानपणी काही धक्का बसला होता का हिला?’ हे इतक्यांनी विचारलंय की तिनं स्वतःच एक धक्का शोधून ठेवलाय. डिजिमॉनचं मूळ खेळणं बांदाई या जपानी कंपनीनं १९९७मध्ये काढलं. त्यात सांभाळ करताना हयगय झाली तर पडद्यावरच्या तुमच्या पिल्लाचा नुमेमॉन होत असे, गोगलगाईसारखा लिबलिबीत, विष्ठा फेकून मारणारा. खेळण्याला ते गणित शोभतं. लोक ते माझ्या आईला लावतात.

कॉलेजात असताना माझा एक सिद्धांत होता. मैत्रिणींना चिठ्ठ्या लिहून लिहून सांगायचे. माझं अडखळणं म्हणजे स्कलग्रेमॉन.

१६वा भाग. अगुमॉनच्या जोडीदाराला, ताइचीला, नुकतंच धैर्याचं चिन्ह मिळालंय आणि अगुमॉनला आता आणखी वरच्या रूपात न्यायचंच, असं त्यानं मनावर घेतलंय. तो त्याला कोंबून कोंबून खायला घालतो. लढाईत ते जमत नाही असं दिसल्यावर स्वतःच शत्रूच्या पुढ्यात धावत जातो, म्हणजे मला वाचवायला तरी तू बदलशील. आणि तो बदलतो. पण जे येतं ते नुसतं हाडांचं, पाठीवर क्षेपणास्त्र घेतलेलं, कोणाला न ओळखणारं. शत्रूला मारून झाल्यावर ते मुलांवरच उलटतं. माझ्या सिद्धांताप्रमाणे घशात ताण आला की माझं जे होतं ते हेच. आतून काहीतरी भलतंच बाहेर पडतं आणि ते मी नसते.

छान वाटायचं सांगायला. त्या वयात स्वतःच्या आत राक्षस असणं जरा भारदस्तही वाटतं. आज ती मुलगी भेटली तर तिला म्हणेन, बाई गं, पुढे बघ ना, भाग अजून संपलेला नाही.

पुढचं मला कळलं ते नोकरी लागल्यानंतर. त्या सुमारास मी थेरपीला जात होते आणि ती लागू पडली होती. शब्दाची सुरुवात हलकी करायची, पहिला आवाज लांबवायचा, श्वास सुटत असतानाच त्यावर शब्द सोडायचा. हे सारं मन लावून केलं की मी खरंच सलग बोलायचे. लोक थांबून बघायचे. मला ते आवडायचं, अगदी खूप आवडायचं. हे लपवण्यात अर्थ नाही. मी फोनवर उगाच लांबण लावायचे. आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, ‘अगं, आता तर तू किती छान बोलतेस! वार्षिक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तूच कर.’ त्यांचा हेतू चांगला होता. मला आजही त्यांच्याबद्दल वाईट काही सांगायचं नाही. फक्त एवढंच, की मी ‘बघते’ म्हणाले होते आणि त्यांनी ते ‘हो’ ऐकलं.

सगळं पाठ होतं. स्वागत व्यवस्थित झालं. मग कागदावर पुढची ओळ होती: ‘मी अमुक अमुक, आजची सूत्रसंचालक.’ इतर कुठलाही शब्द अडला तर मी दुसरा शोधते, पुष्कळ अडखळणारे यात पटाईत असतात. ‘सोमवार’ अडला तर ‘रविवारच्या दुसऱ्या दिवशी’ म्हणतील. नावाला पर्याय नसतो. माझं नाव ओठ मिटून सुरू होतं. ओठ मिटले. ते उघडेनात. अशा वेळी आवाज नसतो असं लोकांना वाटतं, पण माइक होता, आणि मिटलेल्या ओठांमागे दाबून धरलेली हवा नाकातून थोडी थोडी निसटते, ती त्यानं सगळ्या सभागृहाला ऐकवली. हनुवटी आपोआप वर वर जात होती. मला ती खाली आणता येईना. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मान हलवून मला प्रोत्साहन देत होते, मग त्यांनी मान हलवणं थांबवून बुटांकडे बघायला सुरुवात केली. शिकलेलं सगळं आठवत होतं. हलकी सुरुवात कर. ती करायला आधी ओठ सुटायला हवेत ना! मग मागून कोणीतरी माझं नाव मोठ्यानं सांगितलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ‘छान, छान’च्या टाळ्या. एका सहकाऱ्यानं हळूच माइक घेतला आणि कार्यक्रम पुढे गेला, चांगला झाला म्हणतात.

मी बाहेर व्हरांड्यात बाईंना गाठलं आणि म्हणाले, ‘सॉरी मॅडम, तुमची अपेक्षा मला पूर्ण करता आली नाही.’

न अडखळता. एका दमात. ते वाक्य इतकं सुरेख बाहेर आलं की मला स्वतःचाच संताप आला. ‘असू दे गं,’ त्या म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी.’

नंतर कधीतरी, सुट्टीत, मी ती मालिका परत लावली. १६वा भाग शेवटपर्यंत पाहिला. स्कलग्रेमॉनची शक्ती संपते, तो कोसळतो, आणि त्या जागी वाळूत उरतो कोरोमॉन. डोळे उघडतो आणि पहिली गोष्ट काय करतो, तर ताइचीची माफी मागतो. तुझ्या अपेक्षेला उतरलो नाही म्हणून. मी तिथेच थांबवलं. लहानपणी हा प्रसंग मी पाहिला होता, कॉलेजातही, आणि दोन्ही वेळा माझं लक्ष हाडांच्या सांगाड्यावर होतं. हे लिंबाएवढं वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं.

कशाची माफी मागतोय तो? कोंबून खाऊ कोणी घातलं? शत्रूपुढे कोण धावत गेलं? ताइचीला ते कळतं, तो चूक आपली होती म्हणतो, ही मालिकेची सभ्यता. पण माफी आधी कोरोमॉनची आलेली असते. हातपाय नसलेल्याची.

म्हणून ते स्टिकर. वॉरग्रेमॉन, अगुमॉनचं आणखी वरचं रूप, देखणा आहे, मान्य. पण मला रोज सकाळी लॅपटॉप उघडताना तो नको, हा हवाय, ज्याला मला सांगावंसं वाटतं की गप्प बस, तू माफी मागू नकोस.

आता माझ्यातलीच जुनी सिद्धांतवाली मुलगी विचारते की मग तू कोण, कोरोमॉन की ताइची? बाईंनी ढकललं, पण त्या सलग बोलण्याच्या महिन्यांत स्वतःला कोंबून कोण घालत होतं? हलकी सुरुवात, हलकी सुरुवात, दिवसभर? यावर माझ्याकडे उत्तर नाही. थेरपीनंतर बोलणं पुन्हा घसरतं हे फार सर्रास आहे, थेरपिस्टनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ढकलण्यामुळे घसरलं की घसरणारच होतं, हे कोणी सांगू शकत नाही. मी अजून थेरपीला जाते. अजूनही कधीकधी ग्रेमॉन होते, एखाद्या बैठकीपुरती. मग घरी येऊन बराच वेळ कोणाशी बोलत नाही. ते अपयश असतं का दमणं असतं यावर माझं माझ्याशी एकमत झालेलं नाही.

एका मैत्रिणीनं याच मालिकेवरचा २०२०चा चित्रपट बघायला लावला. त्यात ही मुलं मोठी झालीत, ताइची बावीस वर्षांचा, आणि असा नियम निघतो, की माणूस मोठा झाला की जोडीदार निघून जातो. सगळे रडले म्हणे. मला नाही पटलं. मी त्या मुलांपेक्षा वयानं पुढे गेले, नोकरी करते, कर भरते, आणि माझं अडखळणं काही कुठे निघून गेलेलं नाही. काल फोनवर पत्ता सांगताना चांगलं तासभर मुक्काम ठोकून असल्यासारखं होतं. मैत्रीण म्हणाली, ‘पण गेलं तर तुला त्याची आठवण येईल ना?’ नाही येणार. जाऊ दे की! मी एका शब्दानं अडवणार नाही. स्टिकर मात्र काढणार नाही, आणि पुन्हा कोणी विचारलं तर हेच वाचायला देईन.